सिनेमावर लिहिणाऱ्याचा पगार कोण देतं?

आमच्या धंद्यात नवीन प्रोजेक्ट हातात आलं की दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतात. सॉफ्टवेअर वापरणार कोण? आणि बिल कोणाच्या नावावर फाडायचं? पुष्कळदा ही दोन माणसं वेगळी निघतात. तशी ती वेगळी असली की शेवटी कोणाचं ऐकलं जातं, हे आयटीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको :-)

सिनेमावर लिहून पोट भरणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला सारखा हाच प्रश्न आठवत होता. वाचतो आपण, पण पैसे कोण देतं? मुंबईच्या सिनेपत्रकारितेची गेली नव्वद वर्षं या एका प्रश्नाला धरून बघितली, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात बाबूराव पटेलांपासून करायला हवी. नावावरून गुजराती वाटले तरी मूळचे पाटील, म्हणजे आपले मराठीच. जन्म १९०४ चा, शाळा अर्धवट सोडलेली. या माणसानं १९३५ साली 'फिल्मइंडिया' नावाचं इंग्रजी मासिक सुरू केलं. किंमत चार आणे. शाळा सोडलेल्या माणसाचं इंग्रजी असं धारदार, की निर्माते-दिग्दर्शक नवा अंक आला की आधी आपलं नाव कुठे आलंय का ते बघायचे. सआदत हसन मंटोसारख्या लेखकानं त्यांच्यावर अख्खं व्यक्तिचित्र लिहिलंय, यावरून काय ते समजा. अंकातलं सगळ्यात लोकप्रिय सदर म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना संपादकांनी दिलेली उत्तरं. शिवाय 'जूडास' या टोपणनावानं ते मुंबईच्या सिनेजगतातल्या खबरी लिहायचे. टोपणनावातच सगळं आलं!

आता बिलाकडे वळू. अंक चाळला तर पानंच्या पानं सिनेमाच्या जाहिराती. मुखपृष्ठसुद्धा बहुतेक वेळा कुठल्यातरी येऊ घातलेल्या चित्रपटाचं. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकारानं काढलेली ती मुखपृष्ठं आज बघितली तरी नजर हटत नाही. म्हणजे ज्यांना आत झोडायचं, त्यांच्याच जाहिरातीवर मासिक चालवायचं. हे गणित जमायचं कसं? मला वाटतं, त्याचं उत्तर त्या चार आण्यांत आहे. वाचक बाबूरावांचं मत वाचायला खिशातून पैसे काढत होता, आणि तो वाचक निर्मात्याला हवा होता. निर्माता कितीही चिडला तरी जाहिरात द्यायला दुसरीकडे एवढी गर्दी कुठे होती?

पण बाबूरावांना लगेच देवघरात बसवायची गरज नाही. नट्यांच्या दिसण्यावर त्यांनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. त्यांनी स्वतः सिनेमेही दिग्दर्शित केले. 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) या दोन्हींत नायिका होत्या त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. इतरांच्या सिनेमांची साल काढणाऱ्या समीक्षकाचे स्वतःचे सिनेमे मात्र फारसे चालले नाहीत. सुशीलाराणी म्हणजे शास्त्रीय संगीतातलं मोठं नाव, मोगूबाई कुर्डीकरांच्या शिष्या. 'फिल्मइंडिया'तला बराच मजकूर त्या लिहायच्या, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. पुढे मासिकाचं नाव 'मदर इंडिया' झालं, मजकूर सिनेमाकडून राजकारणाकडे सरकला, आणि १९६७ साली बाबूराव जनसंघाकडून मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेवर गेले.

त्याच काळात दुसरा एक रस्ता तयार होत होता. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सिनेमाची परीक्षणं लिहायचे. समीक्षकाला लोक नेहमी ऐकवतात ना, "एवढं कळतं तर स्वतः करून दाखव"? अब्बासनी करून दाखवलं. बॉम्बे टॉकीजच्या 'नया संसार'ची (१९४१) कथा त्यांची, आणि तिचा विषयच मुळी वर्तमानपत्र आणि पत्रकार! अब्बासचं लिहिणं थांबलं नाही, पण सिनेमावर लिहिणं ही सिनेमात शिरायची शिडी होऊ शकते हे तिथून स्पष्ट झालं. आता ज्याला उद्या याच लोकांकडे काम मागायचंय, त्यानं आज त्यांच्यावर किती कडक लिहावं? हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर मोठी वृत्तपत्रं या धंद्यात उतरली. इंडियन एक्स्प्रेसनं १९५१ मध्ये 'स्क्रीन' काढलं, टाइम्स ऑफ इंडियानं १९५२ मध्ये 'फिल्मफेअर'. सिनेमावर लिहिणं ही महिन्याला पगार देणारी नोकरी झाली. सभ्य, गुळगुळीत कागदावरची, घरात सगळ्यांसमोर ठेवता येईल अशी. १९५४ साली फिल्मफेअरची पहिली पारितोषिकं दिली गेली, फक्त पाच. 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट, बिमल रॉय दिग्दर्शक, दिलीपकुमार नायक, मीनाकुमारी नायिका, नौशाद संगीतकार. हे तसं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण सुरुवातीला या पारितोषिकांना 'क्लेअर' म्हणायचे, हे माहीत होतं? टाइम्सच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ ते नाव. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या सिने-पारितोषिकाला ना नटाचं नाव, ना निर्मात्याचं. नाव होतं एका लिहिणाऱ्या बाईचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७१ मध्ये नारी हिरा यांनी 'स्टारडस्ट' काढलं. ते मूळचे जाहिरात व्यवसायातले. संपादक म्हणून त्यांनी आपल्याच एजन्सीतली तेविशीची कॉपीरायटर बसवली, शोभा राजाध्यक्ष. म्हणजे आजच्या शोभा डे. पहिल्याच अंकात राजेश खन्नानं गुपचूप लग्न केलंय का, असा सवाल. तिकडे 'स्टार अँड स्टाइल'मध्ये देवयानी चौबळ यांचं सदर गाजत होतं. पांढरी साडी, इंग्रजीत बिनधास्त मिसळलेली हिंदी, आणि कोणाचीही भीडभाड नाही. या दोन मराठी बायकांनी सिनेमावर लिहायची भाषाच बदलून टाकली. त्यांना गॉसिप म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे, आणि त्यात कितीतरी घरांचे वाभाडे निघाले हेही खरंच. पण बिलाच्या हिशेबानं बघितलं तर ही मासिकं निर्मात्याच्या उपकारावर कमी आणि वाचकाच्या पैशावर जास्त चालत होती. स्टार रागावला तर अंक उलट जास्तच खपायचा.

या ताकदीची परीक्षा झाली आणीबाणीत. सिनेमासिकांवर सेन्सॉरशिप आली, तिच्यामागे अमिताभ बच्चनचा हात आहे असा संशय पसरला. त्यानं तो कायम नाकारला. मासिकांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला, त्यानंही उलट मासिकांना दारं बंद केली. हा अबोला सुमारे पंधरा वर्षं चालला. आणि त्या काळात काय झालं? 'शोले' झाला, 'डॉन' झाला, 'मुकद्दर का सिकंदर' झाला. १९८२ मध्ये 'कुली'च्या सेटवर तो जखमी झाला तेव्हा अख्खा देश देवाला साकडं घालत होता. मासिकांशिवायही स्टार मोठा होऊ शकतो, हे सगळ्यांना दिसलं. माझ्या मते सिनेपत्रकारितेच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल. त्याचा अर्थ मात्र इंडस्ट्रीला बऱ्याच वर्षांनी पुरता उमगला.

मग आलं २००३. ज्या टाइम्सच्या घरात क्लेअर मेंडोन्सा लिहायच्या, त्याच घरानं 'मीडियानेट' नावाची योजना सुरू केली. मनोरंजनाच्या पुरवण्यांमध्ये पैसे घेऊन कव्हरेज! कंपनीचं म्हणणं असं की पीआर एजन्सी नाहीतरी पत्रकारांना भेटी देऊन बातम्या छापून आणतातच, मग व्यवहार उघड आणि कंपनीशी का होऊ नये? युक्तिवाद ऐकायला चोख आहे. त्यात वाचक कुठेच नाही, एवढीच अडचण. पुढे २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं 'पेड न्यूज'वर अहवाल तयार केला, त्यातही मीडियानेटचा उल्लेख आहे. पन्नास वर्षांपूर्वी समीक्षकाच्या नावानं पारितोषिक होतं, आता लिहिण्याच्या जागेचं रेटकार्ड आलं.

आज चित्र अजून बदललंय. स्टार स्वतःच्या मोबाइलवरून थेट कोट्यवधी लोकांशी बोलतो. मुलाखत हवी असेल तर हॉटेलातल्या खोलीत दहा मिनिटं, बाजूला पीआरवाली व्यक्ती घड्याळ बघत बसलेली. अमुक विचारू नका, तमुक विचारू नका. जरा टोचणारं लिहिलं की पुढच्या वेळी आमंत्रण बंद. आपण वाचक हे सगळं फुकट वाचतो, त्यामुळे आपण रुसलो काय आणि हसलो काय, कोणाचंच काही अडत नाही.

पत्रकारिता शिकून या क्षेत्रात येणारी कितीतरी मुलं-मुली सिनेमावरच्या खऱ्याखुऱ्या प्रेमानं येतात. ती बाबूरावांपेक्षा कमी हुशार आहेत असं मला अजिबात वाटत नाही. फरक एवढाच, की बाबूरावांच्या मागे चार आणे मोजणारी माणसं उभी होती.

तीनशेचं तिकीट आणि चारशेचे पॉपकॉर्न आपण कुरकुर न करता घेतो. ज्याच्या एका प्रामाणिक परीक्षणामुळे एखाद्या शनिवारी हे सातशे रुपये वाचले, अशा लिहिणाऱ्याला तुम्ही शेवटचे पैसे कधी दिले होते? मी माझ्यापुरता हिशेब केला. उत्तर होतं शून्य. या महिन्यापासून दोघांची वर्गणी भरायला सुरुवात केलीये. तुम्हाला कोणाची भरावीशी वाटते, बघा विचार करून.