उशिरा कळलेली कॉफी

स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचं लिही" असा संपादक मंडळाचा निरोप आला. वर्गात इतिहासात मला चांगले गुण पडत, एवढीच माझी पात्रता. बाकी जन्म बँकेत गेला. तरीही लिहितो आहे, कारण या इतिहासात माझी एक कबुली अडकलेली आहे.

आपल्या लहानपणी घरोघरी चहाच होता. कॉफी व्हायची ती पाहुणा आला की, किंवा परीक्षेच्या जागरणाला. साखर घातलेली कॉफीची वडी उकळत्या दुधात टाकायची, वर जायफळ किसायचं. तिला कॉफी म्हणायचं एवढंच, प्यायचो आपण गोड दूधच. खरी कॉफी शाळेत एकाच माणसाकडे होती. आपले इतिहासाचे सर धारवाडकडचे. शिक्षकखोलीच्या खिडकीत त्यांचा पितळी फिल्टर असायचा. मधल्या सुट्टीआधी शिपाईमामा त्यात गरम पाणी ओतत. वरच्या भांड्याच्या बारीक भोकांतून पंधरा-वीस मिनिटं काळं डिकॉक्शन खाली ठिबकत राही. आम्ही त्याला 'सरांचं डांबर' म्हणायचो.

दहावीत असताना मी आणि आणखी दोघांनी त्या डिकॉक्शनमध्ये मूठभर मीठ टाकलं. सरांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तासाला आले. आम्हांला काहीच बोलले नाहीत. बोलणी खाल्ली ती शिपाईमामांनी, तीही दुसऱ्याच कोणाकडून, सगळ्यांदेखत. आम्ही तिघे खाली मान घालून उभे राहिलो.

निवृत्तीनंतर मधुमेह निघाला आणि साखरेचा चहा बंद झाला. मुलगी बंगळुरूला असते. तिच्याकडे एका सकाळी बिनसाखरेची फिल्टर कॉफी पुढ्यात आली. पहिल्या घोटाआधी वास आला आणि मी थेट त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कॉफी आवडू लागली ती अशी. मग तिचा इतिहास वाचत सुटलो.

आख्यायिका अशी, की सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे लपवून घेऊन आले. उगवणारं बी बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा तिथल्या व्यापाऱ्यांचा कटाक्ष होता. ते दाणे त्यांनी चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले. तो डोंगर आज बाबा बुदनगिरी म्हणून ओळखला जातो. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मोठे मळे उभे केले. १८६९ मध्ये श्रीलंकेत पानांवरच्या तांबेरा रोगाने कॉफीला गाठलं. तिथले मळेवाले शेवटी चहाकडे वळले. रोग आपल्याकडेही आला, पण इथे कॉफी टिकली. १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघालं आणि तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती तयार झाल्या.

लोकांना कॉफीची सवय लागावी म्हणून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाच्या हाती सगळा कारभार आला. मळेवाल्यांनी माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, विक्री बोर्डाने करायची. हे बंधन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटलं. दरम्यान, पन्नासच्या दशकात बोर्डाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवली. कप भरून आणणारी माणसंच मालक झाली. हे वाचताना मला शिपाईमामा आठवले. त्यांच्या वाट्याला मात्र आमच्यामुळे बोलणीच आली.

गेल्या डिसेंबरात चिकमगळूरला जाऊन आलो. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, झाडांवर चढलेले मिरीचे वेल, अंगणात वाळत घातलेली लाल फळं. एकेक पिकलेलं फळ हाताने खुडायचं, हिरवं राहू द्यायचं. तोडणीच्या बायकांची बोटं बघितली आणि मूठभर मिठाचा हिशोब पुन्हा डोळ्यांपुढे आला. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. सरांनी भूगोलाच्या सरांना सांगून ते आम्हांला कधीच सांगितलं असतं, आम्ही विचारलं असतं तर.

शिपाईमामा आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली, ती इथे सर्वांसमोर मागतो. सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. मी पितळी फिल्टर आणि ताजी दळलेली पूड घेऊन येतो आहे. सर, पहिला कप तुमचा. हवं तर आधी मला चाखायला लावा.