एका देखण्या चुकीचा इतिहास

रेणवीय जीवशास्त्राने आपली परिभाषा आपल्याच घरून उसनी नेली आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. डीएनएमधील मजकूर आरएनएवर उतरवून घेतला जातो, त्याला प्रतिलेखन म्हणतात. त्या आरएनएवरून प्रथिन घडते, त्याला भाषांतर म्हणतात. चार रासायनिक घटकांना अक्षरे आणि त्यांच्या गटांना शब्द म्हणण्याची रीत तर पाठ्यपुस्तकांतही रुळली आहे. या रूपकाने शास्त्रज्ञांना कोठवर नेले आणि कोठे चकवले, याची हकीकत आपल्याही कामाची आहे.

सजीवाचा आराखडा गुणसूत्रांत संकेतलिपीसारखा साठवलेला असावा, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिन येथील व्याख्यानांत मांडली. १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली आणि त्या कल्पनेला देह लाभला. मात्र त्याबरोबर एक कोडेही उभे राहिले. अक्षरे चार आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले २०. दोन अक्षरी शब्द केले तर ते १६च होतात, म्हणजे अपुरे. तीन अक्षरी केले तर ६४, म्हणजे फारच जास्त. मग २०चा मेळ बसावा कसा?

विश्वोत्पत्तीचे अभ्यासक जॉर्ज गॅमॉव्ह या कोड्यावर तुटून पडले. त्यांनी १९५४ मध्ये एक उत्तर प्रसिद्ध केले आणि प्रत्येक अमिनो आम्लामागे एक अशा २० सभासदांचे, खास नेकटाय असलेले एक मंडळही काढले. त्यांच्या संकेतात शेजारशेजारचे शब्द एकमेकांची अक्षरे वापरत. असे असणे शक्य नाही, हे सिडनी ब्रेनर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले.

त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी जे उत्तर सुचवले, ते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत देखणे म्हणावे लागेल. मोडी कागद वाचणाऱ्यास त्यामागची अडचण लगेच उमगेल. ओळ सलग धावते, शब्द कोठे तुटतो याची खूण नसते. आरएनएचेही तसेच. मग पेशी शब्द तोडते कसे? क्रिक म्हणाले, अर्थपूर्ण शब्दच असे निवडलेले असतील की चुकीच्या जागी तोडल्यास काहीच अर्थ निघू नये. 'कमलकमल' ही अक्षरे पाहा. दुसऱ्या अक्षरापासून वाचली तर 'मलक', तिसऱ्यापासून वाचली तर 'लकम'. दोन्ही निरर्थक, म्हणून वाचक आपोआप 'कमल'वर येतो. एकच अक्षर तीनदा असलेले चार शब्द मात्र बाद करावे लागतात, कारण त्यांची पुनरावृत्ती झाली तर आरंभ कोठला ते कळणार नाही. उरले ६०. त्यांचे तीन-तीन फिरत्या रूपांचे गट पाडून प्रत्येकातून एकच सार्थ मानला, तर शब्द उरतात नेमके २०!

असा हिशोब जुळल्यावर तो खरा वाटू नये तर काय व्हावे? निव्वळ तर्कावर एवढा भरवसा ठेवता येणार नाही, असे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. तरीही या मांडणीच्या सौंदर्याने अनेकांना भुरळ घातली.

निकाल लागला तो १९६१ मध्ये, अमेरिकेतील बेथेस्डा येथे. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख माथाई हे दोघे या वर्तुळाबाहेरचे. त्यांनी केवळ युरासिल या एकाच अक्षराची माळ असलेला कृत्रिम आरएनए जिवाणूंच्या पेशीरसात सोडला. त्यातून फेनिलअॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. वाचला गेलेला पहिला शब्द होता यूयूयू, म्हणजे देखण्या सिद्धांताने निरर्थक ठरवलेल्या चारांपैकी एक! त्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निरेनबर्ग यांचे भाषण मोजक्याच श्रोत्यांनी ऐकले. क्रिक यांच्या कानावर ते आले, आणि त्यांनीच ते मोठ्या सभेपुढे पुन्हा करवले. आपला सिद्धांत मोडणाऱ्याला व्यासपीठ मिळवून देण्याचा हा मोठेपणा वाङ्मयीन वादांत किती वेळा दिसतो, हे ज्याने त्याने आठवावे.

पुढचे वाचन चिकाटीचे होते. हरगोविंद खुराना यांनी ठराविक क्रमाची अक्षरे जोडून कृत्रिम मजकूर रचले आणि शब्दांचे अर्थ निश्चित केले. सुमारे १०० वस्तीच्या ज्या खेड्यात ते वाढले, तेथे साक्षर म्हणावे असे बहुधा त्यांचेच कुटुंब होते. १९६६ पर्यंत कोश पूर्ण झाला. १९६८ मध्ये निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना नोबेल मिळाले.

हाती आलेला कोश देखण्या सिद्धांताहून अघळपघळ निघाला. ६४पैकी ६१ शब्द अमिनो आम्लांचे, उरलेले तीन पूर्णविराम. एकाच अर्थाचे कित्येक शब्द. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले. येथे तीच संरक्षण करते, कारण शब्दाचे शेवटचे अक्षर चुकले तरी बहुधा अर्थ टिकतो. आणि शब्द तोडण्याचे रहस्य? ठरलेल्या जागेपासून आरंभ करायचा आणि तीन-तीन अक्षरे मोजत जायचे, एवढेच. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने एका विषाणूचा सुमारे ५४०० अक्षरांचा मजकूर वाचला, तेव्हा तर तीच अक्षरे दोन ठिकाणांहून तोडून दोन वेगळी प्रथिने निघत असल्याचे आढळले. क्रिक यांच्या सिद्धांताने ज्याला मज्जाव केला होता, तो सभंग श्लेष निसर्गाने बिनदिक्कत केला होता.

संहितेवर सुबक अर्थ बसवण्याचा मोह आपल्यालाही होतो. सगळे दुवे जुळले की अन्वयार्थ सिद्ध झाला, असे वर्गात शिकवताना कितीदा वाटते! क्रिक यांचे उत्तर नेमके २० देत होते, आणि तरी ते चूक होते. ते चूक आहे हे आणखी विचार करून कळले नाही. मूळ मजकुरातला एक शब्द प्रत्यक्ष वाचला, तेव्हा कळले.