कासव, जाळे आणि कायदा : हर्णे परिसरातील समुद्री कासवांच्या संरक्षणाचा इतिहास

हर्णे बंदर इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे ते मुख्यतः सुवर्णदुर्गामुळे. १७५५ साली कमोडोर जेम्सने हा जलदुर्ग घेतला आणि आंग्र्यांच्या आरमाराचा उतरता काळ स्पष्ट झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ह्याच किनाऱ्यावर गेल्या अर्धशतकात राज्यसत्तेचा आणखी एक व्यवहार घडत आला आहे. त्याचा विषय किल्ला अगर जकात नसून समुद्री कासव हा आहे, आणि कायदा लिहिला जाणे व तो किनाऱ्यापर्यंत पोहोचणे ह्यांत किती अंतर असते, ह्याचे हे एक बोलके उदाहरण होय.

हर्ण्याच्या उत्तरेस जोग नदीची खाडी ओलांडली की आंजर्ले लागते; त्यापलीकडे केळशी, आणि बाणकोटच्या खाडीजवळ मंडणगड तालुक्यातील वेळास. दक्षिणेस मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे. ह्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारणतः नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात रात्री येतात, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू लोटून परत जातात. हर्णे स्वतः मासेमारीचे बंदर. तेव्हा कासवाची माणसाशी गाठ दोन ठिकाणी पडते : शेजारच्या पुळणीवर अंड्यांच्या निमित्ताने, आणि हर्ण्याच्या होड्यांवर जाळ्यात.

इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याने काही पक्ष्यांना व हरीण, गवा, गेंडा अशा शिकारीच्या जनावरांना संरक्षण दिले होते. सरपटणाऱ्या प्राण्यांस त्यात स्थान नव्हते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि १९७७ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. ह्या घटनेचा शब्दार्थाच्या अंगाने विचार करणे उद्बोधक ठरेल. 'वन्य' म्हणजे वनातले. ज्या प्राण्याने वन कधी पाहिले नाही तो कायद्याच्या परिभाषेत वन्य ठरला, आणि परिणामी वनखात्याच्या ताब्यात गेला. त्याच जाळ्यात त्याच्याबरोबर आलेली सुरमई मात्र 'मासळी' राहिली व मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेली. राज्यघटनेतील विभागणीही अशीच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्य प्राण्यांचे संरक्षण समवर्ती सूचीत आले. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत राहिला. आणि प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी पूर्वीपासूनच संघसूचीत होती. एकाच होडीच्या एका फेरीत ह्या तिन्ही सूचींचा संबंध येऊ शकतो. होडीवरच्या तांडेलास त्याची वार्ता नसावी, ह्यात नवल नाही.

अनुसूचीत नाव आले तरी पुळणीवर फारसे काही पालटले नाही. अंडी काढून खाण्याची व विकण्याची रीत चालू राहिली. जे घरटे माणसाच्या हातून सुटे, ते कोल्हे-कुत्रे उकरीत. ह्याचे कारण केवळ शासकीय अनास्था नव्हे. वन्यजीवांच्या रक्षणाचे सरकारला परिचित असलेले साधन म्हणजे अभयारण्य. ओडिशातील गहिरमाथा येथे लाखो माद्या एकाच किनाऱ्यावर येतात. तेथे सीमा आखून १९९७ साली सागरी अभयारण्य जाहीर करता आले. कोकणात एक मादी आज ह्या गावी, तर दुसरी चार दिवसांनी पलीकडच्या गावी येते. अशा विखुरलेल्या घरट्यांभोवती अभयारण्य कोठे काढावे? शिवाय १९८७ मध्ये मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांचा जो विरोध झाला तो कोकणात विस्मरणात गेलेला नव्हता.

वाट निघाली ती खात्याबाहेरून. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेने वेळास येथे घरट्यांच्या रक्षणास आरंभ केला. अंडी घातल्यावर काही तासांच्या आत ती अलगद काढून कुंपण घातलेल्या जागी तितक्याच खोल खड्ड्यात पुरावयाची, आणि दीडदोन महिन्यांनी पिल्ले वर आली की समुद्रात सोडावयाची, अशी ही पद्धत. वाळूच्या उष्णतेवर पिल्लाचे लिंग ठरते, म्हणून जागेची निवडही जपून करावी लागते. महत्त्वाचे हे की ज्यांना पाऊलखुणांवरून घरटे ओळखता येत होते अशा स्थानिक लोकांसच ह्या कामी घेण्यात आले. त्यांचे जुने ज्ञान तेच राहिले, उपयोग पालटला. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून गावातील घरांना उत्पन्न मिळू लागले. पुढे वनखात्याने हे काम स्वतःकडे घेतले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाचे त्यास साहाय्य झाले, आणि किनाऱ्या-किनाऱ्यावर मानधनावर 'कासवमित्र' नेमले गेले. शासनाने येथे नवे काही निर्माण केले नाही, चालू असलेले उचलून धरले. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जाळ्याचा प्रश्न अधिक बिकट होता. कासव हवेवर श्वास घेते. ओढजाळ्यात दीर्घकाळ अडकल्यास ते गुदमरते. जाळ्याच्या गळ्याशी तिरपा गज-चौकट बसविली तर कासव तिच्यावर अडून झडपेतून बाहेर पडते व कोळंबी मागे जाते. असे साधन न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा भारताने मलेशिया, पाकिस्तान व थायलंड ह्यांच्यासह जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. १९९८ च्या निर्णयात अमेरिकेचा हेतू मान्य, पण अंमलबजावणी पक्षपाती ठरली. ह्या वादात कासवापेक्षा बाजारपेठेचीच चर्चा अधिक झाली.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये निराळा मार्ग धरला. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्यास सोडावे, त्याचे छायाचित्र सादर करावे, आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी, अशी ती योजना. कासवास कूर्मावतार मानून सोडून देण्याची भावना कोळ्यांत पूर्वीपासून आढळते. परंतु पुण्य कासवाचे आणि तोटा जाळ्याचा, हा हिशेब आजवर एकट्या मच्छीमाराच्या माथी होता. १९७७ च्या अनुसूचीने त्यास केवळ निषेध सांगितला होता. त्या निषेधाची किंमत सरकारने उचलण्यास एकेचाळीस वर्षे लागली. अर्थात भरपाई फाटलेल्या जाळ्याची मिळते, त्या फेरीत हातची गेलेली मासळी ह्या हिशेबात येत नाही.

पुळणीचे भवितव्य मात्र अद्याप संदिग्ध आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने सागरी जीवांच्या प्रजननस्थळांना सर्वांत कडक वर्गात घातले, व २०११ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागांचा नावानिशी उल्लेख झाला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागातील बांधकाममुक्त पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. पिल्ले वाळूतून वर आल्यावर उजेडाच्या दिशेने धावतात. मुरूड-कर्द्याच्या बाजूस पर्यटन वाढले, तसे समुद्राच्या उलट दिशेसही उजेड वाढले. पर्यटनास उत्तेजन देणारे शासन तेच, आणि कासवमित्र नेमणारेही तेच.

जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविण्यात आला; पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग. तिचे नाव 'प्रथमा'. आंजर्ल्याच्या मादीचे 'सावनी'. कोकणातील कासवांचा समूह पूर्व किनाऱ्याहून वेगळा असावा, अशी समजूत तोवर होती. ती पुढे २०२५ च्या जानेवारीत डळमळली. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला आढळला; त्यावरील क्रमांक ०३२३३. तो बिल्ला मार्च २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला, लावलेला होता.