आधी रुग्ण हलले, मग प्राणवायू

१६ एप्रिल २०२१ची रात्र, कोविडची दुसरी लाट. मध्यरात्र उलटून गेलीय. तुम्ही मुंबई महापालिकेच्या एका वॉर्ड वॉर रूममध्ये बसला आहात. शहरात अशा एकूण २४. फोनवर कुणाचा तरी मुलगा विनवतोय, "साहेब, बाबांचं ऑक्सिजन ब्याऐंशीवर आलंय, कुठेही बेड द्या." तुम्ही वय विचारता, मधुमेह आहे का विचारता आणि डॅशबोर्डवर नजर फिरवता. बेड पालिकेचा असो की खासगी रुग्णालयाचा, वाटप इथूनच.

तेवढ्यात निरोप येतो: पालिकेच्या सहा रुग्णालयांत प्राणवायू संपत आलाय. टँकरची वाट पाहण्याइतका वेळ नाही. जिथे साठा आहे तिथे रुग्णच न्यायचे, तब्बल १६८. आता नुसती रिकामी खाट शोधून भागत नाही. रुग्णवाहिकेतला सिलिंडर भरलेला हवा, पलीकडे डॉक्टर जागेवर हवा, नातेवाइकांना पत्ता कळायला हवा. पहाटेपर्यंत तुमचा घसा बसतो, पण रुग्ण हललेले असतात.

तीन दिवस पुढे या. १९ एप्रिलची संध्याकाळ, कळंबोली. सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढताहेत. प्राणवायू विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात आहे. वरून विजेची तार जाते, त्यामुळे टँकरची उंची मोजूनमापून घेतलेली. घाटात ती उंची अडचणीची, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेते. सुमारे १,८५० किलोमीटर, पन्नासेक तास. तिथे शंभर टनांहून अधिक द्रव प्राणवायू भरून ती परत फिरते.

२३ तारखेला नागपुरात तीन टँकर उतरतात. उरलेल्या चारांसोबत तुम्ही २४ला सकाळी नाशिकला पोचता. फलाटावर समाधान आहे, पण शहर सुतकात आहे. तीनच दिवसांपूर्वी इथल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी भरायला आलेला टँकर तेव्हा आवारातच उभा होता.

साठा कुठे आहे हे २४ खोल्यांना ठाऊक असलं, तो हलवायचा अधिकारही हाती असला, तरी काम तिथे संपत नाही. टाकीच्या व्हॉल्व्हपाशी जाणता तंत्रज्ञ नसेल, तर सगळी वाटणी रुग्णाच्या दारापर्यंत येऊन फुकट जाते.