पाठीमागचं डोंबिवली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी असा सगळा थाट होता. पुढं १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती मात्र त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. तेव्हा या लाइनीवर उशिरा येण्याचा पहिला मान फोटोग्राफरांकडे जातो. आम्ही उगाच मोटरमनला बोल लावतो.

सोसायटीतली मंडळी बरीचशी हौशी. त्यातला विल्यम जॉन्सन हा विलायतेहून आलेला सरकारी कारकून. कचेरी सुटल्यावर कारकुनानं करायचं काय? आमच्या डोंबिवलीत तो नाटकात काम करतो. जॉन्सननं कॅमेरा घेतला. पुढं हेंडरसन नावाच्या जोडीदाराबरोबर १८५६ ते १८५८ त्यानं ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ असं मासिकच चालवलं. त्यात चक्क खरे फोटो चिकटवलेले असत. दुसरे हौशी डॉ. नारायण दाजी, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू. घराणं गोव्यातल्या मांद्र्याचं, तेव्हा तेही मुंबईत बाहेरूनच आलेले.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं होतं. काचेवर कलोडियन ओतायचं, अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. थंड हवेतसुद्धा हातात दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या मे महिन्यात काच वाळणार की फोटोग्राफर आधी, एवढाच प्रश्न!

इतकी यातायात करायची तर ती साध्या घरांसाठी कोण करणार? लेणी, देवळं, पूल हवेत. आमच्यापासून पाचवं स्टेशन अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिराची १८६८ साली सरकारनं रीतसर पाहणी करवली, नकाशे काढले, फोटो घेतले, मूर्तींचे साचेसुद्धा केले. याच देवळातल्या शिलालेखाचा शक भाऊ दाजींनी ७८२ वाचला आणि पुढं भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ ठरवला. एका आकड्यानं देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. आमच्या वाड्यांवर असा लेख कोरायचं कुणाला सुचलं नाही.

जॉन्सननं पुढं मुंबईतल्या जातीजमातींचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. दुसऱ्या खंडात आपण मराठी लोक आहोत. त्याची युक्ती अशी, की माणसांना स्टुडिओत उभं करायचं आणि मागं भलतंच कुठलं दृश्य जोडायचं. माणसं खरी, जागा उसनी.

आमच्या घरच्या आल्बमात जागा खरी आहे, पण माणसं ती दिसू देत नाहीत. परवा आमच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा चाळीचा एक धड फोटो शोधायला आम्ही शेजाऱ्यांचे आल्बम घेऊन बसलो. पाच घरांतले नऊ आल्बम निघाले. त्यात मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, दारात उभा केलेला नवा फ्रिज, सगळं होतं. चाळीचा असा एकही नव्हता. घराचा फोटो काढतो का कोणी? घर काय, असतंच! आणि छत्तीस फोटोंच्या रोलमधला एक फोटो भिंतीवर वाया घालवला असता तर वडिलांनी हिशेब मागितला असता.

मग आम्ही माणसांच्या कडेकडेनं चाळ गोळा करायला लागलो. जिना मिळाला तो बेबीताईच्या शालूमागे, लाकडी कठडा एका मुंजीच्या वरातीत, तुळशीवृंदावन फ्रिजच्या शेजारी. विहिरीवर फार वेळ गेला. ती अण्णाकाकांच्या डाव्या कानामागे सापडली, रहाटासकट, पण अर्धीच. आता त्यांच्या धाकट्या मुलीकडचा आल्बम यायचाय. तिच्या साखरपुड्यात काका जरा उजवीकडे सरकून उभे होते, असं काकू म्हणतात.