शिक्का आणि सत्याग्रही

निसर्गासाठी किंवा मुक्या प्राण्यांसाठी आंदोलन करणाऱ्याला 'दहशतवादी' ठरवण्याची रीत अमेरिकेतून आली, असा एक समज आहे. त्याला आधारही आहे. रॉन अर्नोल्ड यांनी १९८३ मध्ये 'इको-टेररिझम' हा शब्द वापरात आणला. २००५ मध्ये 'एफबीआय'च्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे प्राणिहक्क आणि पर्यावरण यांच्या नावाने चालणाऱ्या अतिरेकाला देशांतर्गत दहशतवादातला सर्वांत मोठा धोका म्हटले. पुढच्याच वर्षी प्राण्यांवर चालणाऱ्या उद्योगांच्या संरक्षणासाठी खास दहशतवादविरोधी कायदा झाला. तिथल्या काही गटांनी जाळपोळ केली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिक्का बसला तो पत्रके वाटणाऱ्यांवरही. काही कार्यकर्ते या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. कारण, तुमच्यावर खटला होण्याची रास्त भीती तुम्ही दाखवू शकला नाहीत! भीती वाटते म्हणूनच हे लोक आले होते, हे इथे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्राने हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी पाहिला आहे, आणि तोही भीमेच्याच खोऱ्यात. करकंबच्या परिसरात मुळशीचे नाव निघते ते टंचाईच्या वर्षी. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातली नदी. पण मुळशीला अडवलेले पाणी उजनीकडे न येता सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि कुंडलिकेतून समुद्राला मिळते. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या भागाला त्या पाण्याचा हिशेब पाठ आहे. त्याखाली गेलेल्या गावांचा मात्र नाही.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशी पेट्यात धरण बांधायला घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावे आणि दहा-अकरा हजार मावळे उठणार होते. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. आपल्या शेतात चर खणायला हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले, अशी हकीकत या लढ्याच्या इतिहासात येते. म्हणजे मुळशीत पहिले पिस्तूल निघाले ते धरणाच्या बाजूने. त्याला कुणी अत्याचार म्हटल्याचे आढळत नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत अहिंसकाला 'अनत्याचारी' असा शब्द होता. सत्याग्रहाची प्रतिज्ञा तशीच होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'त मावळ्यांची बाजू घेतली. पुढे काम पुन्हा सुरू झाले आणि धरपकड झाली. बायकाही तुरुंगात गेल्या.

या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. इथे सरकारचे काम सोपे होते, कारण शिक्का नवा बनवावा लागणारच नव्हता. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेल्या या पारनेरच्या तरुणाने पॅरिसमध्ये बाँबची विद्या मिळवून ती १९०८ मध्ये हिंदुस्थानात आणली होती. अलीपूर खटल्यानंतर ते काही वर्षे भूमिगत राहिले, पुढे पकडलेही गेले. तेव्हा 'बाँबवाला माणूस शेतकऱ्यांना चिथावतो' हे म्हणणे पूर्णपणे खोटे नव्हते, आणि अर्धे खरे असलेला शिक्का पुसायला सर्वांत अवघड.

बापटांनी तो पुसण्याचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी 'शुद्ध सत्याग्रह' असा स्वतःचा सिद्धांत मांडला. हेतू निःस्वार्थ असेल आणि परिणाम भोगायची तयारी असेल, तर शस्त्र हाती घेऊनही माणूस सत्याग्रही राहतो, असा त्याचा आशय. डिसेंबर १९२४ मध्ये, लढा जवळजवळ विझल्यावर, मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामावरची आगगाडी सशस्त्र अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली.

बापटांच्या निःस्पृहपणाबद्दल मला शंका नाही. तरीही माझे मत असे की या शेवटच्या कृतीने मावळ्यांचे नुकसान केले. धरण त्यामुळे वाचणार नव्हते. लढा आतून आधीच फुटला होता. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात होत्या. त्यांनी भरपाई घेऊन अंग काढले. खरी हार तिथे झाली. पण लोकांच्या लक्षात राहिली ती अडवलेली आगगाडी. चार वर्षे हात न उगारता मार खाणारे मावळे त्या एका प्रसंगामागे दिसेनासे झाले. विनायकराव भुस्कुटे यांचे 'मुळशी सत्याग्रह' १९६८ मध्ये आले, म्हणजे बापटांच्या निधनानंतर वर्षभराने. राजेंद्र व्होरा यांचा अभ्यास त्यानंतर पाव शतकाने.

आजची तऱ्हा उलटी आहे. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर हरकत घेणारे ईमेल मंत्र्यांना पाठवणाऱ्या 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' या तरुणांच्या गटाला दिल्ली पोलिसांनी यूएपीए कायद्याखाली नोटीस काढली. बोभाटा झाल्यावर ती 'चुकून' गेल्याचे सांगून मागे घेतली. या पोरांपाशी बाँब नव्हता, बापटांसारखा भूतकाळही नव्हता. त्यांनी केले ते एवढेच, की नोटीस लोकांपुढे ठेवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या 'टूलकिट' प्रकरणात बीडच्या एका तरुण अभियंत्याचे नाव आले, तेव्हा तो उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि त्याला तात्पुरते संरक्षण मिळाले. त्याच प्रकरणात बंगळूरच्या दिशा रवी यांना जामीन देताना दिल्लीच्या न्यायाधीशांनी पुरावा तोकडा असल्याचे नोंदवले.

न्यायालयाची ही वाट एकेकट्याची असते. वकील मिळाला, शहर जवळ असले, इंग्रजी वृत्तपत्रांत नाव छापून आले, तर ती लवकर सरते. गडचिरोलीत ग्रामसभांच्या वनहक्कांसाठी काम करणारे महेश राऊत जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली पकडले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पण त्याला स्थगिती मिळाली आणि ते आतच राहिले. अशा वेळी ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीला किती माणसे येतात, याची नोंद कुठल्याही आरोपपत्रात नसते.

म्हणून मला जनसुरक्षा विधेयकावेळचे उत्तर महत्त्वाचे वाटते. २०२४ च्या मसुद्यातल्या मोघम व्याख्यांवर राज्यभरातून बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती संयुक्त समितीकडे गेल्या. काही शब्द बदलले. जुलै २०२५ मध्ये विधेयक विधिमंडळात मंजूर झालेच. पण या हरकतींच्या गठ्ठ्यात सेनापती कोणीच नव्हता. नाव, गाव आणि सही असलेली ही हजारो माणसे होती. मुळशीच्या त्या रामनवमीला धरणावर बसलेल्या बहुतेकांची नावेसुद्धा आपल्यापाशी नाहीत.