बोरचं पाणी

आजीच्या पिंडरीवर नारूचा व्रण होता. पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात तेव्हा पायविहिरीचं पाणी पीत. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की किड्याची पिल्लं पाण्यात पडत आणि पिणाऱ्याच्या पोटात जात. वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा किडा निघे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. म्हणून आजी जन्मभर दुहेरी पदरातून पाणी गाळत राहिली.

१९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोर झाले. पुढं बाबांनी कर्ज काढून आमच्या वाड्यात घेतला. पाणी काचेसारखं. आता कसली भीती? २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पण धाकट्या भावाचे दुधाचे दात पडून नवे आले, तेच पिवळे, डागाळलेले. "दात घासत जाय ना बे नीट!" बाबा रागावत. तो तोंडावर हात धरून हसायला शिकला.

बऱ्याच वर्षांनी बोरच्या पाण्याची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिली. फ्लोराइडची शेवटची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. आमचं पाणी त्यावर निघालं. फ्लोराइड दिसत नाही, पदरातून गाळलं जात नाही, उकळूनही जात नाही. बाबा कागद हातात घेऊन बसले. "पोराले उगाच बोललो," एवढंच म्हणाले.

सरकारी बोरचं पाणी सरकार तपासतं. वाड्यातल्या बोरची बाटली आपणच न्यावी लागते. पोरांचे पक्के दात येण्याआधी.